नागझिऱ्याला जायचे, पण कोणत्या महिन्यात?

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की आमच्या वस्तीत दरवर्षी एकच प्रश्न निघतो. यंदा मुलांना कुठे न्यायचे? दीक्षाभूमी पाहून झाली, कामठीचे ड्रॅगन पॅलेस पाहून झाले, रामटेक झाले, गायमुख तर घरचेच. मग कोणीतरी हळूच म्हणतो, "नागझिरा करू या का?" लगेच दुसरा म्हणतो, "ते पैसेवाल्यांचे काम आहे." आणि विषय तिथेच मिटतो.

आम्हाला हे पटत नाही. मुंबई-पुण्याची माणसे रात्रभर प्रवास करून आपल्या भागातले जंगल पाहायला येतात. आपण तुमसर रोडला गाडीत बसलो की थोड्या वेळात तिरोडा येते, तिथून पुढे चोरखमारा गेट. साकोलीकडून गेले तर पिटेझरी गेट. भंडाऱ्याच्या जवळच कोका अभयारण्य. एवढे जवळ असून आपल्यापैकी किती घरांनी हे जंगल पाहिले? आम्ही वस्तीत सहज विचारपूस केली. जंगलाची सहल केलेल्यांपेक्षा जंगलात मोह वेचायला, तेंदूपाने तोडायला गेलेल्यांची संख्या कितीतरी अधिक निघाली. ज्यांच्या घामाचा जंगलाशी संबंध आहे त्यांनी ते एकदा मोकळ्या मनाने, विळा-टोपली घरी ठेवून पाहू नये काय?

गेल्या काही वर्षांत आम्ही निरनिराळ्या ऋतूंत नागझिऱ्याला जाऊन आलो. कधी कुटुंबासह, कधी मंडळाच्या कार्यकर्त्यांसह. त्या अनुभवावरून एक गोष्ट ध्यानात आली. सहलीचा खर्च, त्रास आणि आनंद हे तिन्ही आपण कोणत्या महिन्यात जातो यावर ठरतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

सफर आणि पाणी

'सफारी' हा शब्द ऐकला की आफ्रिका आठवते. शब्द स्वाहिली भाषेतला आहे, अर्थ एवढाच की प्रवास. त्याचे मूळ अरबीतले, आणि आपल्या बोलण्यातली 'सफर' त्याच मूळची. म्हणजे शब्द काही परका नाही.

आमच्या धाकट्याने टीव्हीवर सेरेंगेटीचे कळप पाहिले आणि विचारले, "बाबा, ही जनावरे नेहमी पळतच असतात का?" त्याला आम्ही समजावून सांगितले. टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा ही एकमेकांना लागून असलेली जंगले-कुरणे आहेत. तेथे वाइल्डबीस्ट नावाचे दहा लाखांहून अधिक प्राणी वर्षभर पावसामागे फिरतात. जिकडे पाऊस तिकडे गवत, जिकडे गवत तिकडे कळप. जानेवारी-फेब्रुवारीत ते दक्षिणेच्या मैदानात असतात, तेथे त्यांची पिले जन्मतात. मार्च ते मे तिकडचा मोठा पाऊस. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास कळप मारा नदी ओलांडतात आणि मगरी त्यांची वाट पाहत असतात. म्हणून तिकडे जाणारा माणूस आधी महिना ठरवतो, मग ठिकाण.

आपल्याकडे एवढे मोठे स्थलांतर नाही, पण नियम तोच. पाणी कुठे आहे ते विचारा, जनावर कुठे आहे ते कळेल. नागझिऱ्याच्या नावातच झिरा आहे. हे जंगल पानझडीचे. ऐन, धावडा, बिजा, साग, तेंदू, मोह, बांबू यांचे. पाऊस पडला की सगळीकडे पाणी आणि सगळीकडे पाला. पाऊस सरला की एकेक ओढा आटत जातो, एकेक झाड उघडे पडत जाते. जनावरे मग मोजक्या तळ्यांकडे आणि पाणवठ्यांकडे सरकतात. ऋतू निवडायचा तो हे गणित समजून.

पावसाळा : गेट बंद

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचे जंगल पर्यटकांसाठी बंद असते. मातीचे रस्ते चिखलाने भरतात, गवत पुरुषभर वाढते. जंगलाला तेवढी उसंत हवीच. या तीन महिन्यांत गाइड आणि जिप्सीचालक काय करतात, हे आम्ही एकाला विचारले. तो म्हणाला, "रोवणीले जातो, साहेब." म्हणजे जो तरुण हिवाळ्यात पाहुण्यांना वाघाचे ठसे दाखवतो, तोच श्रावणात कंबरभर वाकून धान रोवतो. पर्यटनावर पोट असलेल्यांचाही हंगाम असतो, हे आपण विसरतो.

पण पावसाळ्यात पाहण्यासारखे काहीच नाही असे समजू नका. महाराष्ट्रातील उरलेसुरले सारस पक्षी आपल्या गोंदिया-भंडारा भागातच आहेत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो. त्याला पाहायला गेट नाही, तिकीट नाही. नजर लागते, आणि दुरूनच पाहण्याचा समजूतदारपणा लागतो. ज्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधीतली अंडी सांभाळली, ते वनरक्षकांइतकेच मानाचे.

हिवाळा : पोरांना आणि म्हाताऱ्यांना बरा

ऑक्टोबरात गेट उघडतात तेव्हा जंगल हिरवेगार असते, डोळे निवतात. पण दहा पावलांवर उभे असलेले सांबर दिसत नाही. शिवाय ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाची धावपळ, मागोमाग दिवाळी, आणि लगेच धानाची कापणी. मजुरी करणाऱ्या घराला नोव्हेंबरात एक दिवसही मोडणे परवडत नाही.

डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मात्र थोडी सवड मिळते. धान घरात आलेले असते, हातात चार पैसे असतात. नवेगाव बांधच्या तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. हे तलाव म्हणजे आपल्या भागाची खरी श्रीमंती. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या अशा तलावांमुळेच भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला गेला. ज्यांच्या घरात दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी हिवाळाच निवडावा. फक्त पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी हाडात शिरते. कानटोपी, स्वेटर, आणि वर एक ब्लँकेट असल्याशिवाय मुलांना बसवू नये. हिवाळ्यात दुपारची फेरी निवडली तर हा त्रास कमी.

एक सूचना मात्र आम्ही आग्रहाने करतो. ३१ डिसेंबर टाळा. २०२४ सालच्या त्याच दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले होते. त्याची चित्रे साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाइडांवर कारवाई झाली. आमचे म्हणणे असे की, 'जवळून दाखव' म्हणून मागे बसून तगादा लावणारेही तेवढेच जबाबदार असतात. लेकरे बरोबर घेऊन चाललेल्या आईचा रस्ता अडवणे हे कोणत्या संस्कृतीत बसते?

फाल्गुन-चैत्र : सर्वांत सुंदर, पण

सौंदर्यच पाहायचे असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चअखेरपर्यंतचा काळ पहिला. पळस पेटलेला असतो. पाने गळून रान विरळ होते, नजर लांब जाते. मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडतो, त्याचा गोड वास रस्त्यापर्यंत येतो. त्या फुलांसाठी चितळ येतात, अस्वले येतात.

पण याच काळात मुलांच्या परीक्षा असतात, हा पहिला अडसर. दुसरा त्याहून मोठा. ज्या पहाटे पाहुणा अस्वल पाहायला जिप्सीत बसतो, त्याच पहाटे जंगलालगतच्या गावातली बाई टोपली घेऊन मोहाखाली वाकलेली असते. अस्वलाची आणि तिची वेळ एक, झाड एक. पाहुण्याला अस्वल दिसले तर तो नशीबवान, आणि तिला दिसले तर? मार्चमध्ये जाणाऱ्यांनी हा विचार मनात ठेवून जावे, एवढेच.

वैशाख : वाघाचा महिना, तेंदूचा महिना

पुस्तके वाचणारे आणि कॅमेरेवाले सर्वजण सांगतात की वाघ पाहायचा तर मे महिना. ते खरेच आहे. ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते. ओढे कोरडे पडलेले असतात. पाणवठे मोजके उरतात, त्यातल्या काहींत वन विभागाला पाण्याची सोय करावी लागते. वाघ दुपारचा पाण्यात बसून राहतो. संध्याकाळच्या फेरीत पाण्याच्या कडेला गाडी उभी करून गप्प बसले, तर जंगलच आपल्याकडे चालत येते.

याच कारणाने प्राणीगणना वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या बुद्ध पौर्णिमेच्या रात्री होत असे. पाणी सर्वांत कमी आणि चांदणे सर्वांत जास्त. पाणवठ्याशेजारी मचाणावर रात्रभर बसायचे आणि आलेल्या प्रत्येक प्राण्याची नोंद करायची. आता वाघांची मोजणी स्वयंचलित कॅमेऱ्यांनी आणि शास्त्रीय पद्धतीने होते. २००६ च्या देशव्यापी अंदाजात १,४११ वाघ होते, २०२२ च्या अंदाजात ३,६८२. पण मचाणावरची रात्र 'निसर्गानुभव' म्हणून चालू राहिली आहे. आमच्या मंडळातील दोन तरुणांनी एका वर्षी त्यासाठी नाव नोंदवायचे ठरवले, तेव्हा वस्तीत कुजबुज झाली. पौर्णिमेला विहार सोडून जंगलात? एका वयस्क उपासकाने प्रश्न दोन वाक्यांत सोडवला. "सकाळची वंदना घ्या आणि दुपारी निघा. रात्रभर न बोलता, न हलता बसायचे आहे ना? मग चांगलेच आहे."

हे सर्व खरे असूनही, कुटुंबाच्या सहलीसाठी मे महिन्याचा प्रस्ताव आमच्या बैठकीत आला तेव्हा बायकांनी तो उभ्याउभ्याच नाकारला. कारण मे हा तेंदूचा हंगाम. पहाटे तीन-चारला उठून रानात जायचे, पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी मोजून द्यायचे. दोन-तीन आठवड्यांच्या या कामावर शाळेची पुस्तके, दप्तर, आणि पावसाळ्याआधी घरावर टाकायची कवेलू ठरतात. तुमसर-भंडाऱ्याच्या घरांना विडीपत्ता काय असतो हे नव्याने सांगायला नको.

आणि त्या कामात भीतीही असते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी आमच्या घरात वाचली गेली तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. तिने तरुणपणी कितीतरी वैशाख असेच काढले. मग ती म्हणाली, "वाघ पाहाले पैसे देऊन जाता का रे बाबू? आमी त त्यानं दिसू नये म्हणून हाका मारत जात होतो."

यावर आम्हाला उत्तर देता आले नाही. सेरेंगेटीतूनही १९५९ साली मसाई पशुपालकांना बाहेर पडावे लागले होते. जंगल पाहणारा एक आणि जंगलावर जगणारा दुसरा, ही दरी इकडेही आहे, तिकडेही आहे. पण म्हणून जगणाऱ्याने कधी पाहूच नये, असे थोडेच आहे?

नवतपा सरला, मृग यायचा

मग बैठकीत बायकांनीच तारीख काढली. आपल्याकडे २५ मेपासून नवतपा, म्हणजे रोहिणीचे कडक नऊ दिवस. ७ जूनच्या सुमारास मृग. या दोहोंच्या मध्ये आणि मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत जे आठ-दहा दिवस सापडतात, ते आपले. तेंदूचा हंगाम संपलेला, लग्नसराई ओसरलेली, धानाचे पऱ्हे अजून टाकायचे असतात. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीकडे उघडतात, त्यामुळे मुले मोकळी. जंगलात पाणी अजून मोजकेच असते, म्हणून जनावरे पाण्यावरच असतात. आणि मुंबई-पुण्याची गर्दी शाळा उघडायच्या म्हणून परतीला लागलेली.

त्याप्रमाणे आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात बारा जण निघालो. सहा महिने भिशीसारखी थोडी थोडी रक्कम जमा केली होती. दोन जिप्सी, त्यात आईही. तिला समोर बसवले. गाइड गेटजवळच्याच गावचा, विशीतला मुलगा. पहिला अर्धा तास तो सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो. नंतर आईने बोट दाखवायला सुरुवात केली. "हा बिजा. हा धावडा. थे वारूळ पाय, अस्वलानं रात्रीच फोडलं, माती ओली हाये." मुलाने गाडी थांबवून पाहिले, माती खरोखरच ओली होती. तेव्हापासून तो तिला आजी म्हणू लागला आणि आम्हाला सांगण्याऐवजी तिलाच विचारू लागला.

वाघ दिसला नाही. तळ्याच्या कडेला रानगव्यांचा कळप होता, काळ्या अंगाचे, पांढरे पायमोजे घातल्यासारखे. पुढे एका पाणवठ्यात रानकुत्री पोटापर्यंत पाण्यात बसली होती. आमचा धाकटा कुजबुजला, "किती शांत आहेत." आई म्हणाली, "कोळसुनं हायेत थे. पोट भरलं हाये म्हणून शांत." मागच्या गाडीत आमची थोरली मुलगी वहीत झाडांची नावे लिहीत होती. आजीच्या तोंडची नावे एका बाजूला, गाइडने सांगितलेली दुसऱ्या बाजूला. परतताना तिच्याकडे २३ झाडे जमली होती.

परत निघताना आई एवढेच म्हणाली, "इतके वर्सं आली, पन मान वर करून झाडं पायलीच नोती."

जमा-खर्च

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून शेवटी हिशेब मांडतो.

वाघाची हमी कोणताच महिना देत नाही. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, आणि दोन्ही मिळून डिसेंबर २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प. ताडोब्याच्या मानाने येथे वाघ कमीच. म्हणूनच २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी येथे आणून सोडल्या गेल्या. वाघच हवा असेल तर ताडोबा गाठावे, आणि खिसाही तसाच भरलेला असावा. जंगल हवे असेल तर नागझिरा पुरे आहे. पक्षिनिरीक्षक किरण पुरंदरे यांनी येथे ४०० दिवस राहून 'सखा नागझिरा' हे पुस्तक लिहिले, व्यंकटेश माडगूळकरांचेही 'नागझिरा' नावाचे पुस्तक आहे. सार्वजनिक वाचनालयातून आणून मुलांना आधी वाचायला द्यावे. पाहण्याची किंमत त्याने दुप्पट होते.

खर्च कमी करायचा तर जिप्सीत सहा जण पूर्ण करा आणि मधला वार धरा. शनिवार-रविवारी गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. आठवड्यातील एक दिवस जंगल बंद असते, तो आधी विचारून घ्या. नोंदणी आगाऊ करा, ओळखपत्रे बरोबर ठेवा. गाइड घ्यावाच लागतो, पण तो ओझे समजू नका, त्याच्या घरची चूल त्यावर पेटते. उन्हाळ्यात प्रत्येकामागे दोन बाटल्या पाणी, डोक्याला ओला दुपट्टा, आणि सोबत कांदा व मीठ-साखरेचे पाणी. भडक कपडे, अत्तर, मोठा आवाज हे घरी ठेवा. प्लास्टिकची पिशवीही जंगलात टाकू नका.

थोडक्यात सांगायचे तर वडीलधाऱ्यांसाठी व लहानग्यांसाठी जानेवारीचा शेवट, पळसासाठी मार्च, वाघाच्या ध्यासासाठी मे, आणि कष्टकरी घरांतील सर्वांनी मिळून जाण्यासाठी नवतपा व मृग यांच्यामधले आठ-दहा दिवस.

आणखी एक. तारीख ठरवण्याच्या बैठकीत घरातल्या बायकांना बसवा. कोणत्या महिन्यात रानात काय असते, हे त्यांना कॅलेंडर न पाहता सांगता येते. त्यांनी ठरवलेल्या तारखेला घरातले सर्वजण येऊ शकतात.